एका डेचकीतलं औषध

मार्गशीर्षात पाऊस लागून राहील हे त्या मुलखात कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आटपाडीच्या पूर्वेचा तो माळ श्रावणातसुद्धा आभाळाकडं तोंड करून बसणारा. पण पंच्याण्णव सालच्या थंडीत तीन दिवस बारीक झिमझिम चालली ती चाललीच. वारं उगवतीकडनं. मेंढरांची लोकर पाणी पिऊन जड झाली, काट्याच्या कुंपणाच्या वाडग्यात लेंड्यांचा चिखल झाला, आणि चौथ्या दिवशी उघडीप झाली तेव्हा धोंडुबाईच्या कानावर पहिला खोकला आला.

ती बिरोबाच्या वाटेला लागली होती. उजाडता उजाडता तांब्याभर पाणी घेऊन अनवाणी ठाण्यापर्यंत जायचं, दगडावर पाणी घालायचं, आणि ते घालेपर्यंत तोंडातनं शब्द काढायचा नाही, असा तिचा नेम. सासूनं घालून दिलेला. अडचणीच्या चार दिवसांत बाईनं ना देवाला पाणी घालायचं, ना वाडग्यात पाय ठेवायचा. तेवढ्यापुरती पाण्याला सासू जायची, सासू गेल्यावर नवरा नानासो. आता धोंडुबाईच्या वयाला तीही अडचण राहिली नव्हती. तेहतीस वर्षांत बिरोबा एक दिवस कोरडा राहिला नव्हता.

ती थांबली. परत एक ठसका. मग दुसऱ्या कोपऱ्यातनं एक. हाक मारायला जीभ वळली, तिनं दातांत धरली. ठाण्यावर गेली, पाणी घातलं, हात जोडले आणि पळतच माघारी आली.

"मंगल! अगं ए मंगल! अर्जुनाला उठीव. मेंढरं ठसकाय लागल्यात."

मंगल, सून, चुलीपुढनं उठून आधी कुंपणाशीच धावली. त्रेचाळीस मेंढरांत तिची नजर एकीलाच शोधत होती. भोरी. लग्नात बापानं आंदण दिलेली. लेक सासरी निघाली तेव्हा त्यानं मेंढीच्या गळ्यातली दोरी लेकीच्या हातात दिली होती आणि म्हणाला होता, "हिला माज्यागत हाक मार, म्हंजी येईल." मागल्या वर्षी तो बाप गेला. तेव्हापासून मंगल भोरीला हाक मारायची ती बापासारखी, टाळूला जीभ लावून, "ट्ट्यॉ, ट्ट्यॉ." भोरी कळपातनं वाट काढून यायची. तीन आठवड्यांमागं तिला पांढरं कोकरू झालं होतं.

"भोरी चांगली हाय, आत्या," मंगल म्हणाली.

"बिरुबाची कृपा," धोंडुबाई म्हणाली, आणि खोकणारी मोजायला लागली. सात निघाली.

*

सरकारी दवाखान्यात वाईकडचा तरुण डॉक्टर नुकताच आला होता. पुष्कर त्याचं नाव, पण वस्तीवर त्याला वाईकर डागदरच म्हणायचे. धोंडुबाईचा लेक अर्जुना त्याला दुपारी घेऊन आला. शेजारच्या वस्तीवरचा हरिबा आणि आणखी दोघंतिघं बघायला जमले.

डॉक्टर गुडघ्याएवढ्या चिखलात उतरला. सातांच्याही बरगड्यांना नळी लावून ऐकलं, ताप बघितला, नाकाचा शेंबूड बोटावर घेऊन उन्हात धरला. मग प्रत्येकीच्या कपाळाला त्यानं गेरूचा ठिपका लावला.

"छातीत सर्दी उतरलीय. लवकर बोलावलंत ते बरं केलंत. ह्या पस्तीस गोळ्या. सात जणी, पाच दिवस, रोज एकेक. गुळाच्या पाण्यात विरघळवून पाजा."

अर्जुना दोन वर्षं माधवनगरला यंत्रमागावर काम करून आलेला. त्याला हे फिकं वाटलं. "गोळ्या कशाला सायेब? सुई मारा की. आमच्या मालकाच्या म्हशीला एक सुई मारली, दुसऱ्या दिशी उठून वैरण खाया लागली."

"मारीन की. पण कुठली मारू? पेटीत एक नवं औषध आहे, जोरकस आहे. ते आज वापरलं, तर ज्या दिवशी ह्या गोळ्या लागू पडणार नाहीत, त्या दिवशी काय काढू?"

"म्हंजी पोतडीत हाय, पन द्यायाचं न्हाई," हरिबा म्हणाला. "आमच्या म्हातारीचं आसंच. लाडू फडताळात आन पोरं दारात."

माणसं हसली. डॉक्टरचे कान तांबडे झाले. धोंडुबाईला ते बघवलं नाही.

"गप रं हरिबा. शिकून आल्यात ते. तू कवा दावं सोडायला शिकलास?"

मग माणसं हरिबाला हसली. डॉक्टर धोंडुबाईकडं वळला. "आजी, तुम्ही ऐका. दोन दिवसांत खोकला दबेल. दबला की माणसं औषध सोडतात, आणि तिथंच घात होतो. दुबळे जंतू मेलेले असतात, चिवट तेवढे राहतात, आणि ते उलटून येतात. म्हणून पाच म्हणजे पाच. ठिपक्यांच्या सातच जणींना, बाकीच्यांना नको. आणि ह्या पंधरा दिवसांत ह्यांतलं एकही बाजारात न्यायचं नाही. औषध मटणातनं माणसाच्या पोटात जातं." त्यानं गोळ्यांची पुडी तिच्या ओंजळीत ठेवली. "तुमचा पाण्याचा नेम आहे, अर्जुनानं वाटेत सांगितलं. हाही पाच दिवसांचा नेमच समजा. तुमच्या हातात दिलंय, मी निर्धास्त जातो."

एवढ्या माणसांत तिच्या नेमाचं नाव आजवर कुणी घेतलं नव्हतं. तिनं पदर पुढं ओढला आणि पुडी कपाळाला लावली.

*

संध्याकाळी तिनं पितळी डेचकी मांडली. ह्याच डेचकीत सासू मेंढरांचा काढा करायची. अडुळसा, सुंठ, गूळ. एकीला ठसका लागला की काढा सगळ्यांना. बांबूच्या नळीनं, एकेकीचं तोंड वर करून, पार कळप वाढवणाऱ्या पालव्या मेंढ्यापासून काल जन्मलेल्या कोकरापर्यंत. सासू म्हणायची, "वाडग्यात भेद करायचा न्हाई गं. बिरुबाची समदी लेकरं. एकीला पाजून दुसरीला वास दिऊ नगं." धोंडुबाईचा सगळा संसार तसाच चालत आलेला. भाकरी कमी पडली तर चतकोर चतकोर व्हायची, पण कुणाचं ताट रिकामं राहायचं नाही.

तिनं पहिली गोळी चुरली, गुळाचं पाणी ढवळलं आणि ठिपक्याच्या सातांतल्या लंगडी मेंढीला पाजायला वाडग्यात शिरली. गुळाच्या वासानं मेंढरं भोवती जमली. मांडीला नाकं घासायला लागली, डेचकीत तोंडं घालायला लागली. तिनं लंगडीला पाजलं आणि वर बघितलं. साठ-सत्तर डोळे तिच्या हाताकडं लागले होते.

ती तशीच उभी राहिली. मग मागं जाऊन तिनं सगळी पुडी डेचकीत सोडली.

"आत्या, सातच म्हनलं व्हतं," मंगल हळूच म्हणाली.

"सात आज खोकत्यात. उद्या चौदा खोकतील. तवा काय करायचं? तुजी भोरी हाय, तिला उद्या ठसका लागला तर तिला काय वास देऊ ह्याचा?"

मंगल भोरीकडं बघत राहिली.

"धर तिचं त्वांड," धोंडुबाई मऊपणानं म्हणाली.

मंगलनं धरलं. हनुवटीखाली हात घालून भोरीचं तोंड वर केलं आणि नळीतला शेवटचा थेंब गळ्यात उतरेपर्यंत ती तिचा गळा चोळत राहिली. त्रेचाळीस तोंडांना ते औषध पुरलं. डेचकीच्या बुडाशी राहिलेलं पाणी धोंडुबाईनं बोटानं पुसून कोकराच्या जिभेला लावलं. कुणी उपाशी राहिलं नाही, म्हणून तिला फार बरं वाटलं.

*

दोन दिवस खोकला खरंच दबला. नानासोची उठबस गुडघ्यांमुळं बंद झाली होती, पण दाराशी घोंगड्यावर बसून तो मेंढरांचा श्वास ओळखायचा. तो म्हणाला, "डागदर शाना हाय." धोंडुबाईनं बिरोबाला खोबऱ्याची वाटी ठेवली.

पाचव्या दिवशी लंगडी बसली ती उठेना. तिची कूस लोहाराच्या भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. मान लांब करून, तोंड उघडं टाकून ती हवा ओढत होती आणि नाकातनं फेस येत होता. कान गार, अंग तव्यासारखं. सहाव्या दिवशी ती गेली आणि तिच्यामागं आणखी एक. आता खोकणारी सतरा होती. भोरीही अधूनमधून ठसकत होती.

डॉक्टर आला. हरिबा आणि माणसं त्याच्या आधीच आली होती.

"गोळ्यांचा गून बघितला का सायेब?" हरिबा म्हणाला. "जिला दिल्या तिला बिरुबानं आदी नेलं."

डॉक्टरनं त्याच्याकडं बघितलं नाही. तो लंगडीच्या कलेवरापाशी उकिडवा बसला, कपाळावरचा गेरूचा ठिपका बघितला आणि मान वर करून विचारलं, "आजी, पाचही दिवस दिल्यात ना गोळ्या? सात जणींनाच?"

एवढाच प्रश्न. सरळ, साधा. धोंडुबाईनं वर बघितलं. समोर हरिबा उभा होता, ज्याचं तोंड तिनं बंद केलं होतं. समोर तो पोरगेला डॉक्टर होता, जो तिच्या नेमावर निर्धास्त गेला होता. पोटचा पोरगा होता.

"व्हय," ती म्हणाली. "पाच दिस. सातच."

कुंपणापलीकडं मंगलनं मान वर केली. सासू-सुनेची नजर एकदा भेटली. इतक्या माणसांत सुनेनं सासूला खोटं पाडायचं, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. मंगलनं मान खाली घातली.

डॉक्टर हात पुसत उठला. "मग हे जंतू ह्या गोळ्यांना दाद देत नाहीत. आणखी गोळ्या देण्यात अर्थ नाही. न लागणारं औषध पाजत राहायचं म्हणजे जंतूंना शिकवणी लावण्यासारखं." त्यानं पेटी उघडली. "नव्या औषधाची एकच बाटली आहे. तीन दिवस टोचायचं म्हटलं तर चौघींना पुरेल. आज मी टोचतो, पुढचे दोन दिवस अर्जुना टोचेल, त्याला दाखवून ठेवतो. लंगडीच्या फुप्फुसाचा तुकडा मी बर्फात घालून आजच सांगलीला नेतो. प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघतात, त्यांना कुठलं औषध मारतं ते तीन-चार दिवसांत कळतं. येताना ते घेऊन येतो. तोवर चार कोण, ते सांगा."

"सायेब, थोडं थोडं समद्यास्नी..." धोंडुबाईच्या तोंडून निघून गेलं.

"नाही आजी. वाटलं की कुणालाच पुरत नाही. चार म्हणजे चार."

धोंडुबाईला डेचकी आठवली. वाटलं की कुणालाच पुरत नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं. तिनं तोंड उघडलंही. पण हरिबा म्हणाला, "धोंडाक्का, पालव्या मेंढ्याला आदी घे गं," आणि माणसं मेंढरं निवडायला लागली, आणि ती वेळ गेली.

पालव्या मेंढा झाला. भरल्या दिवसांची एक झाली. राहिली दोन. खोकणाऱ्यांत रंगुबाईची दोन मेंढरं होती. ती वाडीतली एकटी विधवा, तिनं ती ह्यांच्या भरवशावर चारायला टाकलेली. नानासो दारातनं म्हणाला, "दुसऱ्याची ठेव आदी."

मंगल भोरीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. धोंडुबाईनं सुनेच्या हाताकडं बघितलं, लोकरीत रुतलेल्या बोटांकडं बघितलं.

"रंगुबाईची घ्या," ती म्हणाली.

*

पुढचे चार दिवस त्या घरात चूल एकदाच पेटायची.

सुईची चौघं तगली, बाकीच्यांसाठी अर्जुना ओढ्याकाठी खड्डे काढायचा. मुरमात कुदळ बसत नव्हती. प्रत्येक घावाला ठिणगी उडायची. मेलेल्या मेंढराचे पुढचे दोन पाय मंगल धरायची, मागचे दोन धोंडुबाई. जिवंतपणी खांद्यावर सहज टाकलेली मेंढी मेल्यावर दोन बायकांना जड व्हायची. वर काटे टाकायचे, दगड टाकायचे. तरी कुत्री लांब बसून राहायची.

दुसऱ्या दिवशी कुठून वास लागला कुणास ठाऊक, एक व्यापारी फटफटीवरनं आला. "पडायच्या आदी देऊन टाका. शनवारच्या बाजारात कापून निघतील. गिऱ्हाइकाला काय खोकला ऐकू येतोय?"

अर्जुना आईकडं बघायला लागला.

"न्हाई," धोंडुबाई म्हणाली. "औषद हाय त्यांच्या पोटात. पंधरा दिस विकायचं न्हाई, डागदरांनी सांगितलंय."

मंगल वाडग्यात लेंड्या ओढत होती. तिचा खराटा थांबला. ती सासूकडं बघत राहिली, नुसतं बघत राहिली, आणि परत लेंड्या ओढायला लागली. धोंडुबाईला वाटलं, ह्यापेक्षा ती खराटा घेऊन अंगावर आली असती तर बरं.

बिरोबाला पाणी चालूच होतं. पण वाटेत मुकं राहणं, ज्यात तिला आजवर देव जवळ वाटायचा, तेच आता तिला खायला उठलं. ठाण्यावर पाणी घालून झाल्यावरही तिच्या तोंडातनं शब्द निघत नव्हता. काय मागायचं? ज्या तोंडानं खोटं बोलले, त्याच तोंडानं?

भोरी चौथ्या दिवशी दुपारी गेली. सकाळपासनं ती उभीच होती, चारी पाय फाकून. बसलं की दम लागायचा. कोकरू आचळाला ढुशा देत होतं आणि तिथं काही नव्हतं. मंगलनं तिच्यापुढं हिरवा पाला धरला, कोमट पाणी धरलं. मग ती समोर बसली आणि तिनं बापासारखी हाक मारली. "ट्ट्यॉ, ट्ट्यॉ." भोरीनं कान हलवले. मंगल दोनच हात लांब होती. भोरीनं एक पाऊल टाकलं, दुसरं टाकायला पाय उचलला, आणि गुडघ्यावर येऊन तिच्या मांडीत तोंड घालून पडली.

मंगल रडली नाही. तिनं भोरीच्या नाकाचा फेस पदरानं पुसला. कोकरू अजून ढुशा देतच होतं.

धोंडुबाई पाय धरायला वाकली.

"ऱ्हाऊ द्या आत्या," मंगल म्हणाली. "मी एकली निते."

आणि ओढ्यापर्यंत तिनं तिला एकटीनंच ओढत नेलं, मधे मधे थांबत. अर्जुना धावला तर त्यालाही हात लावू दिला नाही.

*

त्याच दिवशी उन्हं कलताना डॉक्टरची मोटारसायकल आली. अंगावर धूळ, डोळे ओढलेले. पेटी घेऊन तो सरळ वाडग्यापाशी आला. हातात एक कागद होता.

"मला काही कळेना झालंय," तो म्हणाला. "सांगलीहून निघाल्यापासनं मी हाच विचार करतोय. त्यांनी पाच औषधं लावून बघितली. त्या जंतूंना आपल्या साध्या गोळ्यांच्या औषधानंच मारलं. साफ मारलं. मग इथं का नाही चाललं? पाच दिवस दिल्यावर? माझं वजन चुकलं का? गोळ्या जुन्या होत्या का?"

तो स्वतःलाच विचारत होता. चूक स्वतःकडं ओढून घेत होता. मंगल कोकरू मांडीवर घेऊन कुंपणाशी बसली होती. दारात नानासो होता. अर्जुना कुदळ धूत होता.

धोंडुबाई डॉक्टरपुढं जाऊन उभी राहिली.

"तुमचं काय बी चुकलं न्हाई," ती म्हणाली. "म्या पाच दिस दिल्या न्हाईत. समद्या गोळ्या एकदाच डेचकीत टाकल्या आन् समद्यास्नी पाजल्या. एकच दिस. आन् तुमाला खोटं सांगितलं."

कुदळीवरनं पाणी ठिबकत होतं.

डॉक्टर दगडावर बसला. त्यानं कागदाची घडी केली, परत उलगडली. "लंगडी गेली त्या दिवशी पेटीत दोनशे गोळ्या होत्या, आजी," तो हळू म्हणाला. "सतराही जणींना पुरल्या असत्या. तुम्ही नुसतं..." त्यानं कागद खिशात घातला.

अर्जुनानं कुदळ आपटली. "चार दिस मी खड्डं काढतोय! चौदा! आये, चौदा गेली! आन् तुला लाज वाटली व्हय सांगायला? कुनाची? त्या हरिबाची?"

"आर्जुना." नानासोचा आवाज दारातनं आला, खरखरीत. "तिला बोलू नगंस. डेचकीत समद्यास्नी घालायचं माज्या आईनं शिकवलंय तिला. माज्या आईला बोल."

"आज्जीनं खोटं बोलाया शिकवलं न्हवतं," अर्जुना म्हणाला.

धोंडुबाई मंगलकडं वळली. "पोरी, तू तरी बोल. चार शिव्या दे."

मंगलनं कोकराच्या पाठीवरनं हात फिरवला. "म्या बी तिचं त्वांड धरलं व्हतं," ती म्हणाली. "आन् म्या बी गप बसले." एवढंच. मग ती उठली, डॉक्टरपुढं गेली आणि पदर पसरला. "सायेब, आता खोकनारी पाच उरल्यात. त्यात ह्ये कोकरू हाय. गोळ्या माज्याजवळ द्या."

डॉक्टरनं दिल्या. मोठ्यांना एकेक, कोकराला पाव. धोंडुबाईच्या ओंजळीकडं त्यानं बघितलं नाही. तिनंही ती पुढं केली नव्हती.

*

तीन दिवस मंगलनं औषध पाजलं. डेचकी ती स्वतः घासायची, स्वतः मांडायची. धोंडुबाई जवळ आली की "ऱ्हाऊ द्या आत्या, मी करते," म्हणायची. आवाज चढायचा नाही. जेवायला वाढताना, पाणी देताना, सगळं होतं तसंच होतं. फक्त पूर्वी ती "आत्या, मीठ बघा की," असं म्हणून कालवण पुढं करायची, ते थांबलं. कोकराला ती फडक्याच्या बोळ्यानं गाईचं दूध पाजायची. दूध पिऊन झालं की ते वाडग्यात जायचं आणि प्रत्येक मेंढीच्या मागं लागायचं. प्रत्येक मेंढी त्याला लाथेनं झिडकारायची.

तिसऱ्या दिवशी खोकला दबला. चौथ्या दिवशी सकाळी धोंडुबाई बिरोबाला पाणी घालून आली, तर मंगल घराबाहेर लिंबाखाली दगडावर बसली होती. एक लुगडं, एक तांब्या, एक ताटली बाजूला ठेवलेली. वाडग्यापासून तीस पावलांवर. धोंडुबाई समजली. चार दिवस.

गोळ्यांची पुडी मंगलनं उंबऱ्याशी ठेवली होती.

"दोन दिस ऱ्हायल्यात, आत्या," ती तिथनंच म्हणाली. "खोकला न्हाई म्हनून सोडायचं न्हाई."

"न्हाई सोडत."

"पाचांनाच."

"पाचांनाच, पोरी."

मंगलला आत येता येत नव्हतं आणि डोळे तिला आतनं काढता येत नव्हते. ती दगडावर ताठ बसून राहिली, गुडघ्यांभोवती हात आवळून. धोंडुबाईनं डेचकी मांडली, गोळ्या चुरल्या, गूळ ढवळला. तीस पावलांवरनं ती नजर तिला मनगटावर जाणवत होती. नळी भरताना थोडं औषध बोटांवर सांडलं. तिनं ते पुसलं नाही. बोटं तशीच कोकराच्या तोंडात घातली. ते तिची बोटं आचळासारखी ओढायला लागलं.

पाचव्या दिवशीही तसंच. चौघींचं झालं, कोकराचं राहिलं. डेचकीत त्याच्या वाट्याचं तेवढं घोटभर उरलं होतं. गुळाच्या वासानं बाकीची मेंढरं जमली, जशी ती त्या पहिल्या संध्याकाळी जमली होती. मांडीला नाकं घासायला लागली. एक म्हातारी मेंढी, जिला तिनं कोकरू असल्यापासनं ह्याच डेचकीतनं पाजलं होतं, तिनं मान लांब करून काठाला जीभ लावली आणि तिच्या तोंडाकडं बघितलं.

धोंडुबाईनं लिंबाखाली बघितलं. मंगल उठून उभी राहिली होती.

मग धोंडुबाईनं डावा हात उचलला आणि त्या मेंढीचं तोंड मागं ढकललं. दुसरं आलं, तेही ढकललं. कोपरानं ढकललं, गुडघ्यानं ढकललं. मेंढरांना कळेना. ती परत परत येत राहिली आणि ती परत परत ढकलत राहिली, डोळ्यांतलं पाणी खांद्याला पुसत. जन्मात तिनं वाडग्यातलं तोंड कधी परत पाठवलं नव्हतं. कोकरू काखेत घट्ट धरून तिनं त्याच्या गळ्यात शेवटचा घोट उतरवला आणि उतरेपर्यंत त्याचा गळा चोळत राहिली.

डेचकी तिनं मंगलकडं उपडी करून धरली. थेंब पडला नाही.

"झाले पाच," मंगल लिंबाखालनं म्हणाली.

कोकरू काखेतनं सुटलं. आता त्याला दम लागत नव्हता, पायांत बळ होतं. ते मेंढरांतनं वाट काढत कुंपणापर्यंत गेलं, काट्यांपाशी थांबलं, आणि ओढ्याच्या दिशेनं तोंड करून ओरडायला लागलं. चांगल्या, मोकळ्या छातीनं ओरडत होतं. मंगलनं टाळूला जीभ लावली, पण हाक निघाली नाही. ती खाली बसली आणि तिनं दोन्ही कान हातांनी झाकून घेतले.

धोंडुबाई रिकामी डेचकी घेऊन वाडग्यात उभी होती. तीस पावलं चालून जवळ जायचं होतं. पण सुनेला ह्या चार दिवसांत शिवता येत नव्हतं, आणि ते सरल्यावर ती शिवू देईल का, हे तिला माहीत नव्हतं.